जिल्हाबंदी की गल्लीबंदी?

२०२० साली कोरोनाच्या साथीत सातारा-सांगलीकरांनी दोन्ही भोगल्या. पुणे-सातारा हद्दीवर सारोळ्याला नीरा नदी ओलांडताना प्रवासाचा ई-पास दाखवायचा, ही जिल्हाबंदी. रुग्ण सापडला की बांबू-पत्रे ठोकून गल्लीच बंद, म्हणजे कंटेनमेंट झोन.

जिल्हाबंदीने वेळ मिळतो, साथ थांबत नाही. २३ जानेवारी २०२० ला वुहानचे रस्ते बंद झाले. तरी नंतरच्या एका अभ्यासानुसार चीनच्या इतर भागांतली साथ त्यामुळे जेमतेम ३ ते ५ दिवस लांबली, कारण बाधित माणसं आधीच बाहेर पडली होती. परदेशी जाणारे रुग्ण मात्र सुरुवातीला बरेच घटले. आपल्याकडे तर नाक्यावर ताप मोजायचे. लक्षणं नसलेला बिनघोर पार!

गल्लीबंदीचं उदाहरण सांगली जिल्ह्यातलं इस्लामपूर. २३ मार्चला परदेशातून आलेले एकाच कुटुंबातले ४ जण बाधित निघाले, आठवड्याभरात आकडा २५ च्या घरात. परिसर सील, घरोघरी चौकशी, संपर्कातल्यांचं विलगीकरण. साखळी तिथेच तुटली. पण श्रेय निव्वळ पत्र्यांना देऊ नका, ते संपर्क हुडकणाऱ्यांचं. पुढे रुग्ण गल्लोगल्ली झाले तेव्हा पत्रे उरले, शोध आटला. दुधाची पिशवी आणायला लोक पत्र्याखालून वाकून जायचे.

मला विचाराल तर रुग्ण बाहेरून येताहेत तोवर नाका, आत शिरला की गल्ली. आणि दोन्हीत रोजंदारीवाल्याच्या घरी शिधा आधी पोचायला हवा, नाहीतर तो बाहेर पडणारच.