निवृत्तीचे पैसे: ज्येष्ठ नागरिक बचत योजना, फ्लोटिंग रेट रोखे की सरकारी कर्जरोखे?

सांगली-साताऱ्याकडे फंड-ग्रॅच्युइटी हातात आली की पाय आधी ओळखीच्या पतसंस्थेकडे वळतात. अर्धा-एक टक्का व्याज जास्त मिळते, पण पतसंस्थेच्या ठेवीला डीआयसीजीसीचा, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचा, विमा नसतो. सहकारी बँकेच्या ठेवीला असतो, तोही एका ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल-व्याज मिळून 5 लाखांपर्यंतच. डिसेंबर 2020 मध्ये कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला, तेव्हा ठेवीदारांना विम्याचा आधार तेवढाच होता.

खालच्या तिन्ही पर्यायांमागे केंद्र सरकार आहे, त्यामुळे मुद्दल बुडण्याचा प्रश्न नाही. खरा फरक दिसतो तो पैसे मुदतीआधी लागले तर.

ज्येष्ठ नागरिक बचत योजना पोस्टात किंवा बँकेत, वयाची 60 पूर्ण झाल्यावर. एका व्यक्तीला कमाल 30 लाख, मुदत 5 वर्षे. एप्रिल 2023 पासून दर 8.2 टक्के झाला. खाते उघडताना जो दर असेल तो पाचही वर्षे टिकतो, ही तिची मोठी ताकद. 30 लाखांवर दर तिमाहीला 61,500 रुपये येतात. हे व्याज आपोआप बचत खात्यात जाईल अशी सोय पहिल्याच दिवशी करून घ्या. न उचललेल्या व्याजावर व्याज मिळत नाही.

चूक होते ती सगळी रक्कम एकाच खात्यात टाकण्यात. या खात्यातून थोडे पैसे काढता येत नाहीत, मोडायचे तर पूर्ण खाते. दीड वर्षाने मिरजेला ऑपरेशन ठरले आणि 8 लाख लागले, तर 30 लाखांच्या खात्यावर दीड टक्का, म्हणजे 45,000 रुपये कापले जातील. तेच 10-10 लाखांची तीन खाती असती तर 15,000. दोन वर्षांनंतर कपात 1 टक्का. पहिल्या वर्षात मोडले तर दिलेले व्याजही वळते करून घेतात.

रिझर्व्ह बँकेच्या फ्लोटिंग रेट बचत रोख्यांना कमाल मर्यादा नाही. मुदत 7 वर्षे, व्याज 1 जानेवारी आणि 1 जुलैला. दर एनएससीपेक्षा (पोस्टातल्या राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रापेक्षा) 0.35 टक्के जास्त; एनएससी 7.7 असेल तर 8.05. पण हा व्याजदर दर सहा महिन्यांनी बदलू शकतो, त्यामुळे ठरावीक रकमेवर घरखर्च बांधलेल्यांनी यावर सगळी भिस्त ठेवू नये. हे रोखे विकता येत नाहीत, तारण ठेवून कर्जही मिळत नाही. वय 60 ते 70 असेल तर 6 वर्षे, 70 ते 80 ला 5 आणि 80 नंतर 4 वर्षे पैसे अडकतात. त्यानंतर मोडल्यास शेवटच्या सहामाहीचे निम्मे व्याज जाते. अडीअडचणीचा पैसा इथे घालू नका.

सरकारी कर्जरोखे रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट या ऑनलाइन सोयीवर 10,000 रुपयांपासून घेता येतात, खाते उघडायला शुल्क नाही. मुदतीपर्यंत ठेवले तर हिशेब पक्का. मध्येच विकायचे झाले आणि बाजारात व्याजदर 1 टक्क्याने वाढलेला असेल, तर दहा वर्षांच्या रोख्याची किंमत साधारण 7 टक्क्यांनी उतरते. मोबाइलवर व्यवहार करायची सवय नसेल तर या वाटेला न गेलेलेच बरे.

साठीतल्या जोडप्याकडे 40 लाख असतील तर आम्ही असे करू: 5 लाख बँकेत, कधीही मोडता येतील असे, 30 लाख बचत योजनेत, दोघांच्या नावे 15-15, तेही तुकड्यांत, उरलेले 5 लाख फ्लोटिंग रोख्यांत. प्रत्येक अर्जावर वारसाचे नाव लिहा आणि पावती घेताना ते चढले आहे का, हे खिडकीवरच वाचून पाहा.