टेबल, लार्प की लेखी रोलप्ले: सुरुवात कुठून करावी?

रोलप्ले, म्हणजे एखादं पात्र बनून इतरांबरोबर गोष्ट रंगवण्याचा खेळ, करून बघायचाय, पण सुरुवात कुठून करू, असं कोणी विचारलं की बहुतेक जण लगेच एखाद्या गेमचं नाव सांगतात. माझ्या मते नाव नंतर. आधी स्वतःला विचारा, की पात्र म्हणून तुम्हाला कोणी पेचात टाकणारा प्रश्न केला, तर उत्तर सुचायला किती वेळ हवा? टेबलाभोवती बसून खेळताना काही क्षण मिळतात, लेखी रोलप्लेमध्ये अख्खा दिवसही मिळू शकतो आणि लार्पमध्ये, म्हणजे पात्राच्या वेशात प्रत्यक्ष वावरत खेळताना, जवळजवळ काहीच मिळत नाही. या तिन्ही प्रकारांतली मजाही इथूनच येते आणि ताणही.

टेबलटॉप

चार-पाच खेळाडू आणि एक गेम मास्टर, ही याची नेहमीची बैठक. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये आला आणि तेव्हापासून मूळ रचना फारशी बदललेली नाही. गेम मास्टर प्रसंग सांगतो, तुम्ही तुमचं पात्र काय करतं ते सांगता आणि निकाल अनिश्चित असेल तेव्हा फासा पडतो. समजा, वेशीवरच्या पहारेकऱ्याला थाप मारून आत शिरायचं आहे. वीस बाजूंचा फासा टाकायचा, पात्राच्या कौशल्याचे गुण त्यात मिळवायचे आणि ठरलेला आकडा गाठला तर पहारेकरी बाजूला होतो. नाही गाठला तर गोष्ट आणखी रंगते, कारण आता तो शिट्टी वाजवणार असतो.

नवख्यांना इथे एक मोठी सवलत आहे. आवाज बदलून संवाद म्हणायलाच हवेत असं नाही. 'माझं पात्र त्याला गोड बोलून वळवायला बघतं' एवढं सांगितलं तरी चालतं. बोलायचं धाडस हळूहळू येतं, आणि ते आल्याचं कळतही नाही.

अडचण वेगळीच आहे. एक बैठक सहज तीन-चार तास चालते, मोठी कथा महिनोन्‌महिने, आणि तेवढा वेळ सगळ्यांनी एकाच दिवशी काढणं हे कुठल्याही राक्षसाला हरवण्यापेक्षा अवघड. शिवाय तयारीचा बराच भार गेम मास्टरवर पडतो. म्हणून पहिल्यांदा एकाच बैठकीत संपणारी कथा घ्या. पैशांची काळजी असेल, तर २०२३ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले आहेत. गेम मास्टर व्हायला कोणीच तयार नसेल, तर 'फियास्को' बघा. तो तीन ते पाच जणांत, सूत्रधाराविना, एका बैठकीत पुरा होतो. आणि आकडेमोडच नको असेल तर 'ड्रेड'. त्यात फाशांऐवजी ठोकळ्यांचा मनोरा असतो. ठोकळा ओढताना मनोरा कोसळला, की तुमचं पात्र कथेतून बाद. भयकथेसाठी याहून नेमकी युक्ती मला माहीत नाही.

लार्प

इथे 'माझं पात्र म्हणतं' हा आडोसा नाही. तुम्ही पात्राचे कपडे घालता, त्याच्या चालीने चालता, त्याच्या तोंडून बोलता. काही लार्प मैदानी असतात. मऊ फोमची शस्त्रं, वार कुठे करायचा आणि कुठे नाही याचे नियम, कधी दोन-तीन दिवसांचा मुक्काम. काही एका खोलीत, काही तासांत होतात आणि त्यात लढाईपेक्षा नातीगोती, गुपितं आणि सौदे असतात. उत्तर युरोपात या दुसऱ्या वाटेवर फार विचार झाला आहे. १९९७ मध्ये ऑस्लोत सुरू झालेल्या 'क्नुटेपुंक्ट' या मेळाव्यात त्याची खोलवर चर्चा होत आली आहे.

लाजाळू माणसाला लार्प जमणार नाही, असं सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. नाटकात समोर प्रेक्षक असतात, इथे कोणीच नसतो. खोलीतला प्रत्येक जण भूमिकेत असल्याने तुमच्याकडे टक लावून पाहणारं कोणी उरत नाही. मात्र भावना अंगावर येतात. पात्राचा राग किंवा प्रेम खेळ संपल्यावरही रेंगाळतं. लार्पवाले याला 'ब्लीड' म्हणतात आणि म्हणूनच खेळानंतर एकत्र बसून भूमिका उतरवायला वेळ ठेवतात. ज्या आयोजनात असा वेळ नाही आणि 'कट' म्हणताच खेळ थांबवण्याची सोय नाही, तिथे पहिला अनुभव घेऊ नका.

लेखी रोलप्ले

१९७८ मध्ये एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने 'मड' हा अक्षरांतून चालणारा सामायिक खेळ सुरू केला आणि पुढे रिचर्ड बार्टलने तो वाढवला. आज चॅटवर, डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर असं कितीतरी चालतं. थेट चॅट असेल तर वेग टेबलासारखाच. पण दिवसाला एक परिच्छेद अशी रीत असेल, तर लिहा, खोडा, पुन्हा लिहा. पात्राच्या मनात काय चाललंय हे जितकं इथे उलगडतं तितकं दुसरीकडे कुठेच नाही. दोघं जण असले तरी पुरतं.

एक शिष्टाचार मात्र पहिल्या दिवसापासून पाळा. तुमच्या पात्राने तलवार उगारली हे तुम्ही लिहा. ती लागली की नाही, हे समोरच्याला लिहू द्या. दुसऱ्याच्या पात्राचं परस्पर ठरवणं, म्हणजे गॉडमॉडिंग, केलंत तर सोबती टिकत नाहीत. तसेही इथले बरेच धागे अर्ध्यावर सुटतात. कोणीतरी लिहायचं थांबतं आणि कथा तिथेच राहते. ते मनाला लागतं. पडद्याआड कोण आहे, किती वयाचं आहे हे कळत नसल्याने खरं नाव-गाव देऊ नका आणि अनोळखी मोठ्यांबरोबर मुलांना एकटं सोडू नका.

(संगणकावरचे रोलप्लेइंग गेम मी या तुलनेत घेतलेले नाहीत. एकट्याने खेळताना तिथे बहुधा आधीच लिहून ठेवलेल्या उत्तरांतलं एक निवडायचं असतं.)

मला विचाराल तर, ओळखीचे तीन-चार जण आणि महिन्यातून एक मोकळी संध्याकाळ हाताशी असेल, तर टेबल. मित्र दूर पांगलेले असतील किंवा बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं जात असेल, तर लेखी. लार्पकडे त्यानंतर वळा, पण आधी एखादा खोलीतला, काही तासांचा निवडा. आणि काहीही निवडलंत, तरी सुरुवातीलाच सगळ्यांनी मिळून कथेत काय नको ते ठरवा. कोणाला छळाचे प्रसंग नको असतील, कोणाला लहान मुलांचे मृत्यू. टेबलावर त्यासाठी 'एक्स कार्ड' ठेवतात. कोणीही त्याला हात लावला की तो प्रसंग गाळायचा, कारण विचारायचं नाही.