२४ तासांचं दही आणि त्याचं विरजण: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

लेकीला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा जुनाट आजार आहे. औषधं व्यवस्थित चालू आहेत आणि आहाराच्या भरवशावर एकही गोळी बंद केलेली नाही, हे आधी सांगते. दह्याबद्दल शोधत येणारे बरेच जण नेमके त्याच आशेने आलेले असतात, म्हणून. पोटाच्या डॉक्टरांशी आणि आहारतज्ज्ञ बाईंशी बोलून आम्ही स्पेसिफिक कार्बोहायड्रेट डाएट, म्हणजे एससीडी, करून बघायचं ठरवलं. भात, पोळी, भाकरी, बटाटा, साबुदाणा, साखर, गूळ सगळं बंद. दूधही बंद. दही चालतं, पण घरी लावलेलं आणि पूर्ण २४ तास आंबवलेलं. भात आणि पोळी दोन्ही गेल्यावर जेवल्यासारखं वाटायला ताटात जे काही उरतं, त्यात दह्याचा वाटा फार मोठा असतो. म्हणून त्याला विरजण कोणतं लावायचं, यावर मी बरेच महिने घालवले.

हा आहार मूळचा न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ डॉ. सिडनी हास यांचा, सीलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होते तो आजार) झालेल्या मुलांसाठी. १९५०च्या दशकात इलेन गॉटशाल यांनी आपल्या लहान मुलीच्या कोलायटिससाठी हास यांचा सल्ला घेतला आणि पुढे त्यांनीच तो जगभर पोचवला. पुराव्याचं म्हणाल, तर क्रोन्सच्या (कोलायटिससारखाच आतड्याच्या सुजेचा आजार) १९४ रुग्णांवरची एक चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांनी लक्षणं आटोक्यात आलेले एससीडीत ४६.५ टक्के होते आणि भूमध्यसागरी आहारात ४३.५ टक्के. म्हणजे एससीडी सरस ठरला नाही. आमच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं होतं. तरी लेकीला ‘हे चालतं, हे चालत नाही’ असा स्पष्ट नियम पाळायला बरा वाटतो, वजन घटत नाहीये, रक्ताच्या तपासण्या वेळेवर होतात, म्हणून आम्ही तो चालू ठेवलाय.

२४ तास कशासाठी, तर लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, कमी व्हावं यासाठी. गाईच्या दुधात साधारण पावणेपाच टक्के लॅक्टोज असतं, म्हणजे लिटरमागे ४५ ते ५० ग्रॅम. आपलं रोजचं दही सहा-सात तासांत लागतं, अदमुरं असतानाच आपण ते फ्रिजमध्ये सरकवतो, आणि तोवर त्यातलं पाव ते तिसरा हिस्सा लॅक्टोजच संपलेलं असतं. जास्त वेळ उबेत ठेवलं की जिवाणू आणखी खातात. २४ तासांनी ते अगदी शून्य होतं असं सांगणारे खूप आहेत, मला ते पटत नाही. जिवाणू स्वतःच तयार केलेल्या आम्लात हळूहळू मंदावतात, आणि स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस हा दह्यातला एक मुख्य जिवाणू तर लॅक्टोज फोडून त्यातलं ग्लुकोजच बहुतेक वापरतो, गॅलॅक्टोज ही दुसरी साखर तशीच मागे राहते. लॅक्टोज बरंच कमी होतं, इतकंच खरं. लेकीसाठी आम्ही दही शिवाय पंच्यात बांधतो, कारण उरलेलं लॅक्टोज पाण्यात विरघळलेलं असतं आणि त्यातलं बरंचसं त्या पाण्याबरोबर निघून जातं. शिवाय जिवंत दही स्वतःबरोबर लॅक्टोज पचवणारं एन्झाइमही पोटात नेतं. दह्यातल्या जिवंत जिवाणूंमुळे त्याच दह्यातलं लॅक्टोज पचायला मदत होते, हा दावा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० साली मान्य केलाय.

आता विरजणाकडे येते.

घरात विरजण होतंच. सासूबाईंचं, त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासूनचं, मध्ये कधी तुटलंच तर शेजारून परत मागून आणलेलं. त्याचं दही कवडीसारखं लागतं, वास सुरेख येतो, आणि घरातले बाकी सगळे आजही तेच खातो. लेकीसाठी ते नको म्हटल्यावर आईंना वाईट वाटलं. “अगं, माझ्या दह्याने आजवर कुणाचं पोट बिघडलंय का?” असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “आई, तुमच्या दह्यात काही खोट नाही. पण त्यात काय काय आहे ते आपल्याला सांगता येत नाही, आणि सध्या तिच्या पोटात जाणारी प्रत्येक गोष्ट आपल्याला सांगता यायला हवी.”

मला जे सांगायचंय ते सगळं या एका वाक्यात आहे. घरच्या विरजणात जिवाणूंची मोठी मिसळ असते. लॅक्टोकॉकस आणि ल्युकोनोस्टॉकसारखे तीस अंशांच्या आसपास खुशीत वाढणारे, शिवाय उष्णता आवडणारे काही, आणि थोडं यीस्टसुद्धा. ओट्यावर रात्रभर ठेवलं की ही मंडळी गुण्यागोविंदाने राहतात. त्यांनाच ४० अंशांवर २४ तास ठेवलं की कोण वर चढेल याचा नेम नाही. आमच्याकडे एकदा दही सुरेख लागलं, पुढच्या खेपेला चमच्याला तार सुटली, त्यानंतर वरच्या थरात बारीक छिद्रं दिसली आणि किंचित पावासारखा वास आला. निरोगी माणसाला याचा काही त्रास नाही. पण कोलायटिसच्या पेशंटचं पोट दुखलं की घरात पहिला प्रश्न ‘काल काय खाल्लं’ हाच असतो, आणि दही दर खेपेला वेगळं असेल तर त्या प्रश्नाचं उत्तर कधीच मिळत नाही. या आहारात एकेक पदार्थ वाढवत नेतात, तेव्हा ज्याच्यावर संशयच घ्यायला नको असा एक तरी पदार्थ ताटात लागतो. दही तसं व्हावं अशी माझी इच्छा होती.

मिरचीच्या देठांवर आणि चिंचेवर दही लावून पाहिलं. लागतं, पण त्याबद्दलही हीच अडचण, उलट जास्तच.

दुकानातलं साधं दही विरजण म्हणून घेणं हा मधला मार्ग, आणि तो वाईट नाही. डब्यावर दूध, मिल्क सॉलिड्स आणि ‘अ‍ॅक्टिव्ह कल्चर’ एवढंच लिहिलेलं असेल तर चालतं. कल्चर कोणतं ते बहुतेक डबे सांगत नाहीत. ‘प्रोबायोटिक’ लिहिलेला डबा आम्ही घेत नाही, कारण त्यात बऱ्याचदा बिफिडोबॅक्टेरियम हा जिवाणू असतो आणि एससीडीत तो वर्ज्य आहे. हा जिवाणू आतड्यात प्रमाणाबाहेर वाढेल अशी त्यामागची भीती आहे. तिला भक्कम पुरावा आहे असं मी म्हणणार नाही, पण नियम घेतलाय तर तो मोजूनमापून पाळावा, म्हणजे फरक पडला तर कशाने ते कळतं. ग्रीक म्हणून विकतात त्यातल्या काहींत स्टार्च, जिलेटिन किंवा पेक्टिन असतं, तेही नको. गावाला गेलं, किंवा पुढे सांगतेय ती विरजणाची पुडी संपली, तर असा साधा डबा आणून मी काम भागवते.

शेवटी जे ठरलं ते सुकवलेल्या जिवाणूंची पुडी. सगळ्या पुड्या सारख्या नसतात. मागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय घेऊ नका. बऱ्याच पुड्यांत इन्युलिन किंवा एफओएस (माणसाला न पचणारे तंतूसारखे पदार्थ) घातलेलं असतं, ‘जिवाणूंचं खाद्य’ म्हणून. एससीडीत दोन्ही बंद. काहींत माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली भुकटी असते, तीही बंद. काहींत दूध पावडर किंवा लॅक्टोज असतं. पुडीतलं प्रमाण अगदी चिमूटभर आणि २४ तासांत त्यातलंही बरंच संपणारं, म्हणून आम्ही ते चालवून घेतलं. मग जिवाणूंची नावं बघायची. लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस आणि स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस, बस. अ‍ॅसिडोफिलस असलेली तिहेरी पुडीही चालते, आम्ही दोन्ही वापरल्या. अ‍ॅसिडोफिलसला सदतीस अंशांच्या आसपास आवडतं आणि पुन्हा पुन्हा विरजताना तो मागे पडत जातो, त्यामुळे त्यासाठी वेगळे पैसे मोजावेत असं मला वाटलं नाही.

थर्मोफिलस आणि बल्गेरिकस या दोघांची जोडी मला फार आवडते. थर्मोफिलस आधी वाढतो, फॉर्मिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यावर बल्गेरिकस जोर धरतो. बल्गेरिकस दुधातली प्रथिनं तोडून त्यांचे तुकडे मोकळे करतो, ते थर्मोफिलसला लागतात. १९०५ साली स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन तरुणाने जिनिव्हात बल्गेरिकस ओळखला, त्यावरूनच त्याचं नाव पडलं.

पुडीची पहिली खेप सावकाश लागते, सुकलेल्या जिवाणूंना जागं व्हायला वेळ लागतो. दुसरी खेप सुंदर होते. मी दुसऱ्या खेपेचं दही बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते आणि लिटरभर दुधाला एक खडा वापरते. आधी तो खडा वाटीभर कोमट दुधात पूर्ण विरघळवायचा, मग बाकीच्या दुधात. विरजण जास्त घातलं की दही रवाळ आणि लवकर आंबट होतं, इथे हात आखडताच बरा. असे खडे काही आठवडे चालतात. मग मात्र दही पातळ पडायला लागलं, उशिरा लागायला लागलं की मी नवी पुडी फोडते. निवडक जिवाणूंचं विरजण पिढ्यान्‌पिढ्या टिकत नाही, त्यांचं आपसातलं प्रमाण बिघडतं, आणि विषाणूही त्यांना लागतात. दुकानातल्या डब्याच्या मानाने पुडी महाग आहे, पण खडे गोठवल्यावर खर्च आवाक्यात येतो.

तापमान हा निम्मा खेळ आहे. ३८ ते ४३ अंश, सलग २४ तास. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी ओट्यावरच तेवढं मिळेल, पण रात्रभर नाही. आमच्या नाशकात थंडीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा पिठाच्या डब्यात पातेलं पुरून काहीही होत नाही. आम्ही दही लावायचं छोटं यंत्र घेतलं. त्यावर ४२ अंश लिहिलंय म्हणून विश्वास ठेवला नाही, पहिल्या दिवशी आत साधं पाणी भरून दर दोन तासांनी थर्मामीटरने मोजलं. कडेला ते ४५च्या पुढे जात होतं. झाकणाखाली दुमडलेला पंचा घातल्यावर जागेवर आलं. भाताच्या कुकरचं ‘वॉर्म’ यासाठी वापरू नका, ते फार तापतं आणि जिवाणू मरतात. दूध आधी उकळून पाचेक मिनिटं मंद आचेवर राहू द्यायचं. त्याने दुधाच्या पाण्यातली प्रथिनं उलगडतात आणि दही घट्ट बसतं.

चांगलं झालेलं २४ तासांचं दही कसं दिसतं ते सांगते, कारण पहिल्यांदा बघणाऱ्याला ते बिघडलंय असं वाटतं. कडेने हिरवट-पिवळं पाणी सुटलेलं असतं. तो रंग रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाचा. मधला गोळा भांड्यापासून सुटा होतो. चमचा घातला की काप स्वच्छ निघतो, तार नाही, वास फक्त आंबट, दुसरा कुठलाच नाही. चव आंबटढाण. लेक ते पिकलेल्या केळ्याबरोबर किंवा मध घालून खाते, किंवा काकडीच्या कोशिंबिरीत. जिऱ्याची फोडणी देते मी, हिंग नाही. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात पीठ असतं, हे माझ्यासारखं तुम्हालाही आधी सुचलं नसेल.

सुरुवात चमचाभर दह्याने केली आणि हळूहळू वाटीवर नेलं. पोट फुगणं कमी झालंय. त्याचं श्रेय एकट्या दह्याला देता येणार नाही, औषध आहे, बाकीचा आहार आहे. पण आता पोट दुखलं तर आम्ही दह्याकडे बोट दाखवत नाही, आणि या घरात ती फार मोठी गोष्ट आहे.

एकदा मात्र दही लागलंच नाही. पुडीवरचं नाही, आणि त्याच दुधाला लावलेलं आईंचंही नाही. दोन्ही विरजणं एकदम बंद पडत नसतात, तेव्हा दोष दुधाचा. गाईला प्रतिजैविकं दिलेली असतील आणि ते दूध वेगळं काढलं नसेल तर हे होतं. त्या दुधवाल्यांकडून घेणं थांबवलं. दुसरं दूध आणलं, तेच खडे घातले, दही लागलं. म्हणून घरात दोन वेगळी विरजणं असणं मला सोयीचं वाटतं. गाईचं दूध वापरते, म्हशीच्या दुधाचं दही जास्त घट्ट होतं पण तिला जड पडतं. शेळीच्या दुधाचं फारच सैल लागलं, ते आम्ही सोडून दिलं.

दह्याचा हा प्रकार सगळ्यांसाठी नाही. दुधाच्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असेल तर आंबवून काहीही फरक पडत नाही. गॅलॅक्टोसीमिया (शरीराला गॅलॅक्टोज वापरता न येण्याचा जन्मजात आजार) असलेल्या बाळांना तर मुळीच नाही. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, आमच्याही घरी होती, तर डॉक्टरांना विचारून मगच. आणि ऑपरेशनमध्ये लहान आतड्याचा मोठा भाग काढलेल्यांनी बल्गेरिकसपासून जपावं. तो डी-लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक आम्लाचा शरीराला सहज वापरता न येणारा प्रकार, तयार करतो आणि अशा रुग्णांच्या शरीरात ते साचू शकतं. थर्मोफिलस एल-लॅक्टेट हा दुसरा प्रकार बनवतो, त्यामुळे फक्त त्याचं विरजण चालेल का, हे त्यांनी आपल्या डॉक्टरांनाच विचारावं. पुडी त्यानंतर मागवावी.