डोळा लवत राहतो तेव्हा : इंजेक्शन की शस्त्रक्रिया?

कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरच्या दुकानात साडी उलगडून दाखवताना माझ्या काकांचा डावा डोळा आपोआप मिटला आणि समोरच्या बाई, हे डोळा मारतात असे समजून, पिशवी उचलून निघून गेल्या. घरात मात्र पुरुषाचा डावा डोळा लवणे अशुभ, एवढ्यावरच चर्चा थांबली होती. पहिल्या डॉक्टरांनी ताणाचे निदान करून गोळ्या दिल्या, त्यात वर्ष गेले. पुढे गाल आणि ओठाचा कोपराही ओढला जाऊ लागला, तोही झोपेत. तेव्हा मेंदूविकारतज्ज्ञांनी हेमिफेशियल स्पाझम, म्हणजे चेहऱ्याच्या एकाच बाजूचे स्नायू आपोआप आखडण्याचा विकार, असे निदान केले.

या विकारात बहुधा मेंदूच्या देठापाशी एखादी रक्तवाहिनी चेहऱ्याच्या नसेवर टेकलेली असते आणि त्या दाबामुळे नस स्वतःहून संदेश सोडत राहते. गाठ वगैरे नाही ना, हे पाहण्यासाठी एमआरआय करावा लागतो. दोन्ही डोळे एकदम घट्ट मिटत असतील तर तो बहुतेक वेळा ब्लेफरोस्पाझम हा वेगळा आजार असतो आणि त्यावर पुढे सांगितलेली शस्त्रक्रिया लागू पडत नाही. कार्बामाझेपिनसारख्या गोळ्यांचा उपयोग बेताचाच होतो, म्हणून खरी निवड दोन उपायांतच करायची असते.

पहिला उपाय बोट्युलिनम टॉक्सिनचा, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या बोटॉक्सचा. बारीक सुईने पापणीभोवती आणि गालात थोडे थोडे औषध टोचले जाते. त्यासाठी रुग्णालयात राहावे लागत नाही. नसेकडून स्नायूला मिळणारा संदेश त्यामुळे अडतो, काही दिवसांत फरक जाणवू लागतो आणि तो साधारण 3 ते 4 महिने टिकतो. पण मूळ दाब तसाच राहत असल्याने वर्षातून तीन-चार फेऱ्या, आणि तेवढाच खर्च, चुकत नाही. पापणी जड होणे, डोळा कोरडा पडणे किंवा ओठ किंचित वाकडा दिसणे हे त्रास संभवतात, परंतु ते औषधाबरोबरच ओसरतात.

दुसरा उपाय म्हणजे मायक्रोव्हॅस्क्युलर डिकम्प्रेशन. पूर्ण भूल देऊन कानामागे कवटीला लहानसे छिद्र पाडतात आणि रक्तवाहिनी व नस यांच्यामध्ये टेफ्लॉनचा तुकडा बसवतात. दहापैकी साधारण नऊ जणांना दीर्घकाळ आराम मिळतो, मात्र कधीकधी त्याला काही महिने लागतात. त्याच बाजूचे ऐकू कमी येणे, चेहऱ्याला कमजोरी येणे, मेंदूतील पाण्याची गळती आणि क्वचित पक्षाघात, हे धोके खरे आहेत. म्हणून शस्त्रक्रिया कोल्हापुरात होवो की पुण्या-मुंबईत, ही विशिष्ट शस्त्रक्रिया सर्जनने किती वेळा केली आहे आणि ती चालू असताना श्रवणाच्या नसेवर यंत्राने लक्ष ठेवले जाते का, हे स्पष्ट विचारावे. संकोच करण्याची ही जागा नव्हे.

माझ्या मते चाळिशीतील धडधाकट माणसाने, एमआरआयमध्ये दाब स्पष्ट दिसत असेल तर, शस्त्रक्रियेचा गांभीर्याने विचार करावा, कारण पुढची तीस वर्षे सुया टोचून घेणे सोपे नाही. वय अधिक, रक्तदाब किंवा हृदयविकार सोबतीला असेल, तर मी इंजेक्शनकडेच झुकेन. काकांचे वय 66 आहे आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्यामुळे त्यांनी इंजेक्शन घेतले. पहिल्या वेळी दोन आठवडे पापणी अर्धवट खाली आली होती, म्हणून पुढचे इंजेक्शन त्यांनी दिवाळीच्या गर्दीच्या महिनाभर आधी ठरवले आहे.