शाळेतला खरकट्याचा बायोगॅस: दहा महिन्यांच्या वापरानंतर

गॅस किती वाचतो, हे सगळे आधी विचारतात, म्हणून तो हिशेब पहिला. शालेय पोषण आहारातलं उरलेलं, म्हणजे मुख्यतः भात-खिचडी, रोज 2 किलो घातलं तर मार्चच्या उन्हात एका शेगडीला साधारण पाऊण तास पुरेल इतका गॅस मिळतो. त्यातली उष्णता एलपीजीच्या जेमतेम 170 ग्रॅमइतकी. म्हणजे 14.2 किलोचा एक सिलिंडर वाचायला ऐंशीच्या वर दिवस लागतात. डिसेंबर-जानेवारीत गॅस निम्म्यावर येतो. केवळ पैसे वाचवायला कोणी हा संच घेत असेल तर घेऊ नये. आठवी-नववीच्या मुलांना मोजमाप शिकवायचं असेल, तर मात्र या किमतीत एवढं शिकवणारं दुसरं साधन सापडणं कठीण.

संच तरंगत्या टोपीचा. 1000 लिटरची टाकी, वरून कापलेली, आणि तिच्यात 750 लिटरची टाकी पालथी. हीच टोपी; खाली गॅस साठला की ती वर उचलली जाते. शेणाऐवजी खरकट्यावर चालणारा असा आटोपशीर संच पुण्याच्या 'आरती' संस्थेने रुळवला. त्यासाठी 2006 साली तिला शाश्वत ऊर्जेसाठी दिला जाणारा ब्रिटनमधला अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. काम करत शिकायची पद्धत पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाची, डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये सुरू केलेली: आठवड्यातला एक दिवस वर्गाबाहेर, हातात हत्यार. संच याच दिवसात बसवला की चालतो. 'पर्यावरण दिना'पुरता बसवला की ऑगस्टमध्ये त्यात डास होतात.

सुरुवात घाई न करता करा. दीडशे किलो ताजं शेण, तेवढंच पाणी, काडीकचरा काढून केलेला शेणकाला, आणि उरलेली टाकी पाण्याने भरायची. आठ-दहा दिवसांत टोपी उचलली जाते, पण हा पहिला गॅस पेटत नाही. त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त आणि अडकलेली हवाही असते. तो मोकळ्यावर सोडून द्यायचा, जवळ काडीसुद्धा ओढायची नाही. पुन्हा भरलेला गॅस शेगडीवर निळा जळला की रोज 200 ग्रॅम खरकट्यापासून सुरुवात, आणि तीन-चार आठवड्यांत 2 किलोपर्यंत. खरकटं हाताने कुस्करून, टाकीतून बाहेर आलेल्या मळीतच, म्हणजे कुजलेल्या पातळ काल्यात, कालवून ओतावं. रोज नवं पाणी ओतायची गरज नाही. लिंबाच्या-संत्र्याच्या साली, कांद्याची टरफलं, अंड्याची कवचं, हाडं, नारळाच्या शेंड्या यांना टाकीत जागा नाही.

आता वजनाची गोष्ट, कारण सगळ्यात जास्त शिकणं इथे होतं. टोपीच्या नुसत्या वजनावर शेगडी मंद, पिवळट जळते. बायोगॅसच्या शेगडीला साधारण 75 मिलिमीटर पाण्याचा दाब लागतो. टोपीचा व्यास 95 सेंमी, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे 0.71 चौरस मीटर. टोपीचं स्वतःचं वजन 18 किलो. भागाकार केला की 25 येतात, आणि पारदर्शक नळीचा 'यू' करून त्यात शाईचं पाणी भरलं तर पातळीतला फरकही 25 मिलिमीटरच दिसतो. एका चौरस मीटरवर एक किलो म्हणजे एक मिलिमीटर पाणी, हे कोणी सांगावं लागत नाही. 75 साठी 53 किलो हवेत, म्हणजे 35 किलो वरून, म्हणजे तीन-तीन किलोच्या बारा विटा. त्या गोलाकार, समतोल ठेवायच्या. एका बाजूला रचल्या तर टोपी तिरकी होऊन काठाला अडकते. गॅस वापरून झाला की विटा उतरवायच्या.

टोपीवर रंगाने सेंटिमीटरच्या खुणा करून घ्या. एक सेंटिमीटर म्हणजे सात लिटर गॅस. सकाळी 52 सेंमी चढलेली टोपी म्हणजे 360 लिटरच्या वर. वहीत पाच रकाने पुरतात: घातलेलं वजन, टोपीची उंची, शेगडी किती मिनिटं जळली, सामू (पीएच, आंबटपणाचं माप), सकाळचं तापमान. थंडीत उंची का घसरली, याचं उत्तर शेवटच्या रकान्यात मुलं स्वतः शोधतात.

सगळ्यात मोठा बिघाड आंबटपणाचा. स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी आठ किलो भात-जिलबी एकदम टाकीत गेली. टोपी झपाट्याने वर आली, सगळे खूश, आणि शेगडी पेटेना. आम्ल करणारे जिवाणू भराभर वाढतात, मिथेन (जळणारा वायू) करणारे सावकाश. आम्ल साचलं की मिथेन करणाऱ्यांचं काम थांबतं. चढलेला गॅस बहुतेक कार्बन डायऑक्साइड. सामू सातच्या आसपास हवा, तो सहाच्याही खाली होता. उपाय: खरकटं पूर्ण बंद, अर्धी बादली ताजा शेणकाला, आणि शंभर ग्रॅम चुना बादलीभर पाण्यात निवळवून रोज थोडा. आठवड्याने ज्योत परत आली. पुन्हा 200 ग्रॅमपासून सुरुवात. फुगलेली टोपी म्हणजे चांगला गॅस नव्हे, हा धडा पुस्तकातून इतका पक्का बसला नसता.

बारीक कटकटी बऱ्याच. ज्योत भकभकते तेव्हा दोष शेगडीचा नसतो, नळीच्या झोळात पाणी साचलेलं असतं. नळी टाकीकडे उतरती ठेवा, सखल जागी 'टी' लावून तोटी द्या. जुन्या एलपीजी शेगडीचं जेट, म्हणजे गॅस सोडणारी तोंडी, बारीक पडतं, तिचं भोक मोठं करून घ्यावं लागतं. पितळी कॉक सहा महिन्यांत काळा पडून घट्ट झाला. हायड्रोजन सल्फाइडचा प्रताप. नळीच्या वाटेत लोखंडी तारेच्या चोथ्याचा डबा बसवला की वास आणि गंज दोन्ही कमी होतात (स्टीलच्या चोथ्याचा उपयोग नाही). वर साय धरू नये म्हणून टोपी रोज अर्धा फेरा फिरवा. उन्हात ही ज्योत दिसतच नाही, तेव्हा शेगडीवर हात नेण्याआधी सावली करून पाहा. दोन टाक्यांमधल्या फटीवर मच्छरदाणीचा कपडा बांधा. त्या फटीतून थोडा गॅस उडतो, तो उडणारच.

विक्रेत्याच्या पत्रकात सुट्ट्यांबद्दल एक ओळ नव्हती. शनिवार-रविवार उपाशी गेले तर काही बिघडत नाही. दिवाळीच्या तीन आठवड्यांच्या सुट्टीनंतर निम्म्या खुराकावर सुरुवात करावी. मे महिन्यात मात्र फटीतलं पाणी आटतं आणि टोपीचा काठ उघडा पडतो; आठवड्यातून दोनदा कोणीतरी पातळी बघून पाणी घालायला हवं. आहार शिजवणाऱ्या ताईंना किंवा शिपाईमामांना हे काम मोबदला ठरवून आधीच सोपवा. मळी पाचपट पाण्यात पातळ करून परसबागेला. वांगी-पालकाला मानवते, कोवळ्या रोपांना तशीच घातली तर पानं करपतात.