महापेचं फेम्टो लेझर जॉबवर्क: काम एक नंबर, फक्त वेळ हाताशी ठेवून जा

काचेच्या आत वेव्हगाइड, म्हणजे प्रकाश नेणारी बारीक वाट, लेझरने लिहून देणारं कोणी मुंबई-ठाण्याकडे शोधत असाल तर महापे एमआयडीसीतला हा गाळा आधी बघून या. आम्ही वागळे इस्टेटला छोटे लेझर सोर्स बनवतो, आम्हाला अर्बियम आणि यटर्बियम ही मूलद्रव्यं मिसळलेल्या फॉस्फेट काचेत १५३५ नॅनोमीटरच्या आसपास चालणारा वेव्हगाइड लेझर हवा होता, चिप जेमतेम दोन सेंटीमीटरची. इतकं लहान काम घेतो म्हणणारेच मुळात कमी, आणि जे घेतात त्यातल्या एका ठिकाणी आम्हाला रेघा मारलेली काच पुडीत बांधून दिली आणि लाइट जातो का ते तुमचं तुम्ही बघा म्हणाले.

इथे तसं नाही. पण का नाही ते कळायला काम काय असतं ते थोडं सांगतो. शंभर फेम्टोसेकंदांची पल्स म्हणजे प्रकाशाचा इतका छोटा झटका की तेवढ्या वेळात प्रकाश हवेतसुद्धा फक्त ३० मायक्रॉन पुढे सरकतो. त्या लेझरच्या वेव्हलेंग्थला काच पारदर्शक असते त्यामुळे बीम वरून आरपार जातो आणि काहीच होत नाही, फक्त जिथे फोकस होतो तिथे तीव्रता इतकी वाढते की काच एकदम अनेक फोटॉन गिळते आणि तेवढ्याच जागी तिचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (प्रकाश किती वळवते त्याचं माप) कायमचा बदलतो. काच ठेवलेली स्टेज सरकवत गेलं की पृष्ठभागाच्या खाली रेघ तयार, तोच वेव्हगाइड. १९९६ मध्ये जपानात हिराओ नावाच्या संशोधकाच्या ग्रुपने हे काचेत करून दाखवलं आणि २००४ ला मिलानच्या लोकांनी असल्याच अर्बियम-यटर्बियम काचेत लेझर चालवला, म्हणजे टेक्निक नवीन नाही, पण प्रत्येक काचेचा स्वभाव वेगळा आणि खरी मेहनत तिथेच आहे. फॉस्फेटमध्ये तर सेटिंग चुकलं की फोकसच्या जागी इंडेक्स वाढायच्या ऐवजी कमी होतो आणि प्रकाश रेघेच्या बाजूबाजूने पळतो.

म्हणून यांनी आमची चांगली काच हातात धरायच्या आधी त्याच काचेचा टाकाऊ तुकडा मागितला, त्यावर पॉवर आणि स्पीड बदलत बदलत रेघांची जाळी मारली, मग एकेका रेघेतून लाइट सोडून पलीकडच्या तोंडाला कॅमेऱ्यावर डाग कसा दिसतो ते आम्हाला शेजारी बसवून दाखवलं. बऱ्याच रेघा मायक्रोस्कोपखाली सुंदर दिसत होत्या आणि डाग बघितला तर दोन तुकड्यांत फाटलेला. ज्या रेघेचा डाग गोल आला तेच सेटिंग पुढे वापरलं. खरी रेघ मारायला काही मिनिटं लागतात हो, पैसे या आधीच्या आणि नंतरच्या कामाचे आहेत आणि ते द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

नंतरचं काम म्हणजे पॉलिश. काचेच्या अगदी कडेला फोकस होणाऱ्या बीमचा काही भाग कापला जातो त्यामुळे टोकाला वेव्हगाइड नीट बनतच नाही, तेवढी काच घासून काढावीच लागते. तिथले पॉलिशवाले काका आमच्या चिपच्या दोन्ही बाजूंना साध्या काचेचे तुकडे मेणाने चिकटवतात आणि मग सगळं मिळून घासतात, शेवटी सिरियम ऑक्साइड. का विचारलं तर म्हणाले, "कड गोल झाली तर बाजूच्या तुकड्याची होऊ दे, तुमची नको." दहा मायक्रॉनच्या गाभ्यात लाइट घालायचा तर टोकाला एक टवकासुद्धा चालत नाही, आणि आमच्या चिपच्या तोंडांवर खरोखर एकही नव्हता.

डिलिव्हरीच्या दिवशी आधी सगळ्यांना गॉगल दिले आणि मग ९७६ नॅनोमीटरचा पंप, म्हणजे चिपला ऊर्जा देणारा लेझर, चालू केला. तो डोळ्यांना दिसत नाही, पण अर्बियममुळे काचेत बारीक हिरवी रेघ उजळली, पंपाच्या बाजूला झगझगीत आणि दुसऱ्या टोकाकडे फिकी होत गेलेली, म्हणजे पंप वाटेत शोषला जातोय हे नुसतं बघून कळत होतं. इतकी वर्षं या धंद्यात आहे तरी बघतच राहिलो मी.

आता जे आवडलं नाही ते. टेस्टच्या जाळीचे पैसे वेगळे लागतात हे कोटेशनमध्ये नव्हतं, मशीनचा तासाचा रेट तेवढा होता, ते आधीच लिहून द्यायला पाहिजे. दुसरं म्हणजे सांगितलेली तारीख पाळत नाहीत, मध्ये मोठ्या कंपनीचं कटिंगचं काम आलं की आपण मागे. आणि ब्रॅग ग्रेटिंग, म्हणजे वेव्हगाइडमध्येच लिहिलेला आरसा, ते लिहून देत नाहीत. त्याला रेघेतच साधारण अर्ध्या मायक्रॉनच्या अंतराने बदल घालावे लागतात, सिडनीच्या मॅक्वारी युनिव्हर्सिटीने २००८ मध्ये तसा पूर्ण लेझर एकाच काचेत लिहिलाय, मग बाहेरून आरसे लावायची भानगडच नाही. इथे आरसे आपले आपण आणून टोकांना टेकवायचे. त्यांनी यात पैसे घालावेत असं मला मनापासून वाटतं, मशीन चांगलं आहे आणि माणसं त्याहून चांगली आहेत.

थुलियम मिसळलेली झेडब्लान (फ्लोराइडची एक काच) असेल तर आधी बोलून घ्या. तिच्यात लेझरने इंडेक्स कमी होतो त्यामुळे मधला गाभा कोरा सोडून भोवती रेघांचं कडं लिहावं लागतं, ते ते करतात, पण ती काच पाण्याने खराब होते म्हणून पावसाळ्यात घेतच नाहीत आणि एरवीही सिलिका जेलच्या बंद डब्यातूनच आणायला सांगतात, बरोबरच आहे त्यांचं. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने घणसोलीला उतरून रिक्षा करा, गाडी लावायला गल्लीत जागा नाही. फोन सकाळीच करा, एकदा मशीन सुरू झालं की कोणी उचलत नाही, आणि टाकाऊ तुकडा त्याच बॅचच्या काचेचा न्या, दुसऱ्या बॅचचा असेल तर परत पाठवतात.