गोव्यातल्या डिचोलीची दगड-सफर, जाऊन आलो

रिटायर्ड जिऑलॉजिस्ट सर स्वतः फिरवतात, आयुष्यभर त्यांनी एकच बघितलं, पाणी दगडाचं काय करतं. आपलं गोव्याचं लोखंड म्हणजे मुळात हेमटाइट (लोखंडाचं खनिज) आणि सिलिकाचे (वाळूत असते तीच) पट्टे, लाखो वर्षं पाणी मुरत राहिलं, सिलिका विरघळून गेली नि लोखंड मागे उरलं, शुद्ध हेमटाइटमध्ये तर ते जवळपास 70 टक्के! फरशीच्या खरबरीत पाठीवर हेमटाइटचा काळा दगड घासला तर रेघ लाल, पोरं तिथंच अडकली. आणि घराचा चिरा (जांभा दगड) पण पावसानंच धुऊन बनलेला, हे इतकी वर्षं चिऱ्याच्या घरात राहून मला माहीत नव्हतं. तक्रार एकच, बारा जणांत भिंग एक, गाडी पाऊण तास लेट. पावसाळ्यात नको, चिखलात चप्पल गेली माझी.